पोफळ्यांचं गोदाम

आपण राहतो ते घर नसून गोदाम आहे हे प्रल्हाद पोफळ्यांना कळलं तेव्हा ते बनियनवर दात घासत उभे होते. मोबाईल किणकिणला. आंबेखेड नगरपरिषदेचा निरोप होता.

"महोदय, आपली मालमत्ता आजपासून गोदाम या वर्गात गेली आहे. सदर गोदामात दोन इसम बेकायदा मुक्काम करून असल्याचे आढळते. त्यांना त्वरित बाहेर काढावे व आग विझवण्याची यंत्रणा बसवावी."

प्रल्हादरावांनी तोंडातला फेस थुंकला आणि निरोप पुन्हा वाचला. दोन इसम म्हणजे ते स्वतः आणि त्यांची बायको उज्ज्वला. तिसरं कोणी घरात नव्हतं. मुलगा नोकरीसाठी कोइमतूरला होता आणि मांजर तर शेजारच्या गफूरभाईंकडे राहायला गेली होती, कारण तिथे बोलायला माणसं होती.

आता ही बातमी बायकोला सांगायची कशी हा मोठा प्रश्न होता. तीन वर्षं त्या दोघांत अबोला होता. अगदी कडकडीत नव्हे. कामापुरतं बोलणं व्हायचं, पण ते एकमेकांशी नसायचं. उज्ज्वला फ्रिजकडे बघून म्हणायची, "कोणाला जेवायचं असेल तर वाढलंय." प्रल्हादराव पंख्याकडे बघून म्हणायचे, "कोणीतरी मोटर चालू ठेवलीय." फ्रिज आणि पंखा मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. उज्ज्वला हेल्मेट घालून पोळ्या लाटत होती. हा काही नवा छंद नव्हता. स्लॅबचा गिलावा निघून वरच्या सळया दिसायला लागल्या होत्या आणि अधूनमधून ढपला पडायचा. एकदा तर थेट कणकेत पडला. तेव्हापासून प्रल्हादरावांचं स्कूटरवरचं हेल्मेट स्वयंपाकघरात गेलं.

"आपलं घर गोदाम झालंय म्हणे," ते पंख्याला म्हणाले.

उज्ज्वलानं पोळी उलटली. मग फ्रिजकडे बघून म्हणाली, "मग त्या निधीचं काय?"

निधीचं प्रल्हादरावांच्या लक्षातच आलं नव्हतं. पडायला आलेली घरं दुरुस्त करून देणारा पुनर्वसन निधी होता आणि तो फक्त निवासी घरांना मिळायचा. यादी महिनाअखेरीला बंद होणार होती. तोवर घर पुन्हा निवासी झालं नाही तर निधी गेलाच, वर धोकादायक गोदाम म्हणून कुलूपही लागणार.

प्रल्हादराव तडक नगरपरिषदेत गेले. नगररचना विभागात दोन लोखंडी खाटा टाकलेल्या होत्या आणि त्यामधल्या फटीत ईश्वरी तांबट नावाची तरुण अधिकारी टेबल लावून बसली होती.

"खाटा कशाला, मॅडम?"

"गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसचा वर्ग बदलला, काका. विश्रांतीगृह झालं. नियमाप्रमाणे खाटा ठेवाव्याच लागतात." तिनं सुस्कारा सोडला. "काय करणार? यंत्राला जे जाणवलं ते त्यानं सांगितलं."

हे यंत्र म्हणजे टिकली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण दिसायला ती बायकांच्या कपाळावरच्या टिकलीसारखी, फक्त बशीएवढी. गावातल्या प्रत्येक भिंतीवर एकेक चिकटवलेली.

"पूर्वी कसं व्हायचं," ईश्वरीनं समजावलं, "गावाचा विकास आराखडा वीस वर्षांसाठी काढायचे. इथे पिवळा रंग म्हणजे घरं, इथे निळा म्हणजे दुकानं. नकाशा छापून येईपर्यंत पिवळ्यात गिरण्या निघालेल्या आणि निळ्यात म्हशी बांधलेल्या. म्हणून आता नकाशा रोज पहाटे आपोआप रंगतो. भिंतीला बारीक हादरे बसतात ना, पावलांचे, आवाजाचे, कुकरच्या शिट्टीचे? टिकली ते मोजते. उष्णता मोजते, वाफ मोजते. त्यावरून इथे काय चालतं ते ओळखते."

"म्हणजे आमचं बोलणं ऐकते?"

"शब्द एकही कळत नाही तिला. फक्त ठेका कळतो. हजारो घरांचे, दुकानांचे हादरे दाखवून तिला शिकवलंय. दुकानात कसं, एक जण विचारतो, मग दुसरा सांगतो. ऑफिसात एक बोलतो, बाकीचे गप्प. आणि घर कशावरून ओळखायचं, तर घरात माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात."

"तोडतात?"

"एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू होतो. दोघं एकदम बोलतात आणि तरी दोघांना कळतं. असं फक्त घरातच होतं. तुमच्याकडे काय आढळलं, बघा," तिनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक इकडून तिकडे जात होती, दुसरी तिकडून इकडे, आणि त्या एकमेकींना कुठेच शिवत नव्हत्या. "कोणीतरी येतं, काहीतरी ठेवतं, जातं. मग दुसरं कोणीतरी येतं, उचलतं, जातं. काका, हे अगदी गोदाम आहे हो."

प्रल्हादराव एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या केबिनमधून त्यांनी अशी काही दणदणीत आवाजात गाड्या पुकारल्या होत्या की मागच्या बाकावर झोपलेले ड्रायव्हर ताडकन उठायचे. अशा माणसाच्या घरात आवाज नाही हे एका बशीएवढ्या चकतीनं जगजाहीर करावं?

अबोल्याचं कारणही नगरपरिषदच होती, म्हणजे तसं प्रल्हादरावांचं मत होतं. तीन वर्षांपूर्वी नगरपरिषदेनं आवाहन केलं की नागरिकांनी आपापली विनापरवाना बांधकामं स्वतःहून जाहीर करावीत. अख्ख्या आंबेखेडमधून एकच नागरिक पुढे आला. गच्चीवर पत्र्याची एक छोटी खोली होती, तिला परवाना नव्हता, आणि प्रल्हादरावांना नियमाबाहेर एसटीत उभा प्रवासीही चालत नसे. इंजिनिअर आला, वर गेला, म्हणाला, "या खोलीचा वापर काय?" प्रल्हादराव छाती काढून म्हणाले, "काही नाही. पडूनच असते." दुसऱ्या दिवशी खोली पाडली. उज्ज्वला आपली खुर्ची घेऊन खाली आली आणि तेव्हापासून फ्रिजशी बोलायला लागली.

पत्रे गेले म्हणून ती चिडली असणार अशी प्रल्हादरावांची समजूत होती. त्यांनी एकदा नवे पत्रे आणू का असं पंख्याला विचारूनही पाहिलं. फ्रिजकडून उत्तर आलं नाही.

आता उपाय शोधणं भाग होतं. पहिला उपाय त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केला. दिवसभर टीव्हीवर सासू-सुनांच्या मालिका मोठ्यानं लावून ठेवल्या. भरपूर तोडातोडी, भरपूर रडारड. दुसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला की पोफळ्यांची मालमत्ता आता विजेच्या उपकरणांचं दुकान आहे आणि दुकानाची पाटी मराठीत लावावी.

शेजारचे गफूरभाई मणियार हे सगळं कुंपणावरून बघत होते. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि घरी बायको शबानाभाभी, दोन सुना आणि नातवंडांचा घोळका. त्यांच्या टिकलीनं पहिल्या दिवसापासून "निवासी, उत्तम" असा शेरा दिला होता.

"पोफळेसाब, टीव्हीनं काय होतंय? भांडण असलं पाहिजे भांडण! ताजं!" गफूरभाई म्हणाले. "आमच्या हिला विचारा. कालच टमाट्यावरून दीड तास झालं."

"टमाट्यावरून नव्हतं, तुमच्या बहिणीवरून होतं," आतून शबानाभाभी ओरडल्या.

"तेच ते! टमाटे तिनंच पाठवले होते ना!"

प्रल्हादराव त्यांच्याकडे हेव्यानं बघत राहिले.

शेवटी असं ठरलं की भांडण बसवायचं. गफूरभाईंना तरुणपणी गणपतीच्या नाटकात काम केल्याचा अनुभव होता, तेव्हा संवाद त्यांनी लिहिले. शबानाभाभी मध्यस्थ म्हणून उज्ज्वलाकडे गेल्या आणि तिची अट घेऊन आल्या. "ती तयार आहे. स्लॅबसाठी. पण म्हणते, नाटकातलं बोलणं हे बोलणं म्हणून धरायचं नाही."

संध्याकाळी स्वयंपाकघरात प्रयोग झाला. गफूरभाईंनी खूण केली. प्रल्हादरावांनी घसा साफ केला आणि त्यांच्या नकळत तीस वर्षांची सवय बाहेर आली.

"लक्ष द्या. भाजीत. मीठ. जास्त. झाले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी."

उज्ज्वलाचे ओठ थरथरले. ती झटकन फ्रिजकडे वळली, आणि हेल्मेटमुळे ती चिडली की हसली ते कोणालाच दिसलं नाही. मग तिनं आपलं वाक्य म्हटलं, "मग उद्यापासून तुम्हीच करा." मग दोघं थांबले. मग प्रल्हादराव म्हणाले, "करीन. त्यात काय. मोठेसे." खिडकीत जमलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "पुन्हा एकदा!" म्हणूनही ओरडलं.

पहाटे निरोप आला. नाट्यगृह. कलाकारांसाठी दोन रंगपटाच्या खोल्या बांधाव्यात, बाहेर पडायचे चार दरवाजे असावेत आणि तिकिटांवर करमणूक कर भरावा.

मग शबानाभाभींनी सुचवलं म्हणून उज्ज्वलानं बचत गटाच्या बायकांना चहाला बोलावलं. घर गजबजलं. प्रल्हादरावांना आशा वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांचं घर मंगल कार्यालय झालं होतं आणि चाळीस मोटारींसाठी जागा दाखवायची होती. गल्ली एवढी अरुंद की मोटार सोडा, आडवी म्हैस मावत नव्हती.

बरं, नशीब फुटलं होतं ते एकट्या पोफळ्यांचं नव्हे. नगराध्यक्षांच्या बंगल्यात दिवसभर माणसं येऊन खाऊन जात, म्हणून तो खानावळ ठरला होता आणि त्यांना दर्शनी भागात दरपत्रक लावावं लागलं होतं. मुलींच्या प्राथमिक शाळेला मधल्या सुट्टीच्या आवाजावरून कुक्कुटपालन केंद्र म्हणून कोंबडी-खाद्याचं अनुदान मंजूर झालं होतं, आणि मुख्याध्यापिका ते परत करायला चार कार्यालयं हिंडत होत्या. पण या सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर शाबूत होतं. पोफळ्यांचं रोज थोडं थोडं आमटीत पडत होतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. पाहुण्या बायका गेल्या तसं घर परत गोदामावर आलं होतं. प्रल्हादरावांनी नियमांचं पुस्तक उलथंपालथं करून एक वाट शोधून काढली. यंत्राचा निर्णय मान्य नसेल तर अधिकाऱ्यानं स्वतः येऊन घर बघावं अशी तरतूद होती. दुपारी ईश्वरी तांबट आली. तिनं हेल्मेट बघितलं, सळया बघितल्या, हळहळली.

"काका, मला दिसतंय हो घर आहे ते. पण मी नुसतं दिसतंय असं लिहून भागत नाही. टिकलीत काहीतरी हललं पाहिजे. तपासणीला अधिकारी आला की पहाटेची वाट बघावी लागत नाही, निकाल तिथल्या तिथे मोबाईलवर येतो. संध्याकाळी यादी बंद होते. चला, गच्ची बघू आणि मी अहवाल तरी देते."

तिघं वर गेले. गच्चीच्या कोपऱ्यात फरशीवर एक चौकोन उमटला होता, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ.

"इथे काय होतं?" ईश्वरीनं विचारलं.

"काही नाही," प्रल्हादराव म्हणाले.

उज्ज्वला गर्रकन वळली. वर फ्रिज नव्हता. पाण्याची टाकी होती, पण तिनं तिच्याकडेही बघितलं नाही. थेट नवऱ्याकडे बघितलं.

"काही नाही?"

"अगं म्हणजे, आत्ता काही—"

"तेव्हाही हेच म्हणालात! त्या इंजिनिअरसमोर छाती काढून, काही नाही, पडून असते—"

"त्यानं वापर विचारला, मी खरं ते—"

"खरं? रोज दुपारी मी तिथे बसायचे ते खोटं?"

"बसायचीस म्हणजे करायचीस काय? मला वाटलं तुला पत्र्यांचं वाईट—"

"पत्रे! तीन वर्षं झाली, या माणसाचं पत्रे पत्रे चाललंय! आग लागो तुमच्या पत्र्यांना! मी तिथे काही करत नव्हते, तेच तर करत होते! खाली उतरलं की कोणाचा चष्मा, कोणाच्या गोळ्या, कोणाला चहा, सगळ्या घरात माझ्या बुडाखालची एक जागा ती होती आणि तुम्ही—"

"मग सांगायचं होतंस ना! मला काय स्वप्न पडणार—"

"सांगायचं? अख्ख्या जिल्ह्याची कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते ते तोंडपाठ, आणि घरातलं माणूस कुठे बसतं ते—"

"गाड्यांना पाट्या असतात! तुझ्या कपाळावर काय पाटी—"

"काका, काकू," ईश्वरी मधे म्हणाली.

"तू थांब गं!" दोघं एकदम म्हणाले.

"आणि माझं काय?" प्रल्हादरावांचा आवाज आता स्टँडवरच्या पट्टीत गेला. "पाच हजार माणसं रोज माझं ऐकायची! निवृत्त झालो, म्हटलं आता घरी बसून निवांत बोलू, तर फ्रिजच्या तोंडून कळतंय जेवण झालंय म्हणून! परवा छातीत दुखलं, तर कोणाला सांगू? पंख्याला?"

"छातीत दुखलं? कधी? आणि बोलला नाहीत? अहो अक्कल आहे का—"

"गॅस होता—"

"तुम्ही काय डॉक्टर—"

"तुझ्या त्या वालाच्या उसळीनं—"

"उसळीला नावं ठेवू नका, तीन वाट्या ओरपलीत—"

"काका! पिवळं!" ईश्वरी मोबाईल हवेत नाचवत ओरडली. "पिवळं झालं! निवासी! अहो, निवासी झालं, आता थांबलात तरी चालेल!"

पण थांबतंय कोण? तीन वर्षांचं साठलेलं होतं. ते दोघं भांडत जिना उतरले, भांडत स्वयंपाकघरात गेले, आणि मागोमाग आलेल्या ईश्वरीसमोर प्रल्हादरावांच्या शेवटच्या वाक्यासरशी स्लॅबचा उरलेला गिलावाही खाली आला. उज्ज्वलानं कधी नव्हे ते हेल्मेट काढून ठेवलं होतं. प्रल्हादरावांनी तिला दंडाला धरून खसकन ओढलं. धूळ बसली तेव्हा दोघं दाराच्या चौकटीत, पांढरीफटक, एकमेकांना घट्ट धरून उभी होती.

"लागलं का?" प्रल्हादरावांनी विचारलं. पंख्याला नव्हे. पंखा खाली पडलेला होता.

"नाही," उज्ज्वला म्हणाली. "दंड सोडा. दुखतोय."

पडझड अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत झाल्यामुळे पोफळ्यांचं नाव थेट यादीच्या डोक्यावर गेलं. निधी आला. काम सुरू झालं. नव्या आराखड्यात गच्चीवर एक छोटी खोली बसत होती, रीतसर परवान्यासह.

"वापर काय लिहू?" ईश्वरीनं विचारलं.

प्रल्हादरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "तिलाच विचारा," ते म्हणाले.

"बसणं," उज्ज्वला म्हणाली.

"म्हणजे बैठकीची खोली?"

"नाही. नुसतं बसणं. मी एकटीनं."

असा वापर नियमांत नव्हता. खोली झाली, टिकली चिकटवली, आणि पहिल्याच दिवशी टिकली गोंधळली. आत एक माणूस आहे, ऊब आहे, श्वास आहे. चालत नाही, बोलत नाही, विकत नाही, शिजवत नाही, झोपतही नाही. मग आहे तरी काय हे? चार दिवस तिनं "कळत नाही" एवढंच कळवलं. ईश्वरीनं वर लिहिलं, वरच्यांनी त्यांच्या वर लिहिलं, आणि होता होता एक नवा वर्ग मंजूर होऊन आला. स्वस्थ क्षेत्र. नकाशात द्यायला रंग शिल्लक नव्हता म्हणून तो ठिपका कोरा ठेवायचा असं ठरलं.

ही बातमी बचत गटातून गावभर गेली. सहा महिन्यांत आंबेखेडच्या नकाशाला देवी आल्यासारखे पांढरे ठिपके उठले. शबानाभाभींनी माळ्यावर जागा काढली. मुख्याध्यापिकेनं शाळेच्या मागची अडगळ रिकामी केली. नगराध्यक्षीणबाईंनी तर खानावळीला टाळं ठोकून मागच्या पडवीत खुर्ची टाकली. गावातल्या काही पुरुषांनीही अर्ज केले, पण त्यांच्या खोल्या घोरण्यामुळे एकजात विश्रांतीगृहं ठरल्या.

नियम एकच होता आणि कडक होता. स्वस्थ क्षेत्रात एका वेळी एकच माणूस. दुसरं आलं आणि हादरे जुळले की जागा निवासी धरली जाई, मग निवासी बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त भरे आणि खोली पाडायची नोटीस येई.

एका दुपारी प्रल्हादराव जिना चढून वर आले. दार लोटलेलं होतं.

"कशाला आलात?" आतून आवाज आला.

"काही काम नाही. नुसता आलो."

"खाली जा. दोघं झालो की घर होतं हे."

"मी बोलणार नाही. कोपऱ्यात बसतो. हूं की चूं करणार नाही."

"तुम्ही? तुम्ही नुसते शिंकलात तरी स्टँडवरच्या गाड्या—"

"शिंकणार नाही म्हटलं ना—"

"आणि मग चहा हवा, मग चष्मा—"

"चहा मी केलाय! तेच सांगायला—"

"केलात? साखर कुठल्या डब्यातली घातलीत? निळ्या डब्यात—"

"निळ्यातलीच, का?"

"अहो, मीठ आहे ते!"

दारावरची टिकली लुकलुकून पिवळी पडायला लागली. उज्ज्वला खुर्ची सोडून धावत बाहेर आली आणि जिन्यात नवऱ्याला दोन्ही हातांनी ढकलायला लागली. "उतरा! उतरा आधी! खोली जाईल माझी!"

प्रल्हादराव उतरायला लागले, पण फार सावकाश, आणि प्रत्येक पायरीवर थांबून मागे वळून काहीतरी बोलत.